बावीस आठवडे, दोन घरं आणि वकिलाची एक नोटीस: खानापूर–चंदगड पट्ट्यातलं एक गर्भपाताचं प्रकरण

गाव, वय आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. गर्भपात करून घेतलेल्या बाईची ओळख डॉक्टरने उघड करणं हा १९७१ च्या गर्भपात कायद्याच्या कलम ५-अ खाली गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. त्यामुळे रुग्णालयांची नावंही दिलेली नाहीत. आठवड्यांचा हिशेब मात्र जसाच्या तसा आहे, कारण या प्रकरणात सगळं त्यावरच फिरलं.

पार्श्वभूमी

बाई २३ वर्षांची, दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. सासर कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात, माहेर महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात. मध्ये राज्याची सीमा असली तरी बाजार, दवाखाना, कोर्ट-कचेरी यासाठी दोन्ही घरं बेळगावच गाठतात. नवरा पिकअप गाडी चालवायचा. तो अपघातात गेला तेव्हा ती १५ आठवडे ५ दिवसांची गरोदर होती. पहिलंच मूल. घरात सासू, सासरे आणि धाकटा दीर.

तेराव्यापर्यंत पोटातल्या मुलाविषयी कुणी अवाक्षर काढलं नाही. ते आटोपलं तेव्हा १७ आठवडे ३ दिवस झाले होते. अठरा आठवडे भरता भरता ती माहेरी आली आणि मूल ठेवायचं नाही असं आईला म्हणाली. माहेरच्यांना ते पटलंच होतं. पोरीचं वय बघता दुसरं लग्न करून द्यायचं त्यांच्या मनात आधीपासून होतं. सासरी कुणकुण लागली तशी सासू स्वतः आली. "तू नुसती बाळंत हो, पुढचं आम्ही बघतो." सासऱ्यांचं म्हणणं एकाच वाक्यात संपत होतं: "आमच्या पोराची एवढीच खूण उरलीया."

दोन्ही घरं तिच्याविषयी बोलत होती. तिच्याशी एकटीशी कुणी बोललं ते फार उशिरा.

अडचण कुठे होती

पहिला दवाखाना १९ आठवडे १ दिवसाला गाठला. बेळगावातलं खासगी, मान्यता असलेलं रुग्णालय. तिथे सांगण्यात आलं की सासरच्या जबाबदार माणसाची सही आणा, नाहीतर सिव्हिलला जा. या एका वाक्यात ९ दिवस गेले.

सही मागण्याला कायद्यात काहीही आधार नाही. अठरा पूर्ण झालेल्या, मानसिक आजार नसलेल्या बाईची संमती तिची एकटीची, फॉर्म सी वर. नवरा जिवंत असता तरी त्याची सही लागली नसती, मग सासऱ्यांची कुठून लागणार? शिवाय त्या दिवशी वीस आठवडे पूर्ण व्हायचे होते, म्हणजे एकाच नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरेसं होतं. नऊ दिवसांनी, २० आठवडे ३ दिवसांना, दोन डॉक्टरांचं मत लागणार होतं आणि २०२१ च्या नियमांतल्या ३-ब मधल्या एखाद्या गटात ती बसावी लागणार होती. ती बसत होती, कारण गरोदरपणातच वैधव्य किंवा घटस्फोट आल्यास तो स्वतंत्र गट आहे. पण सोपं काम आता अवघड झालं होतं.

डॉक्टरांच्या भीतीमागे कारण आहे आणि या भागात ते सगळ्यांना ठाऊक आहे. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला, सीमेला लागून, १९ स्त्रीभ्रूण सापडले. जून २०२२ मध्ये बेळगाव जिल्ह्यातच मुडलगीला बरण्यांत भरलेले सात भ्रूण गटारीत मिळाले. तेव्हापासून पाच महिन्यांची बाई दारात आली की अनेक डॉक्टर आधी स्वतःला वाचवतात. पण लिंगनिदानाला बंदी घालणारा १९९४ चा कायदा वेगळा आणि गर्भपाताचा कायदा वेगळा. पहिल्याच्या धाकाने दुसरा नाकारला की बाई मेडिकलमधल्या गोळ्यांकडे वळते. वीस आठवड्यांना गोळ्या घेऊन घरीच रक्तस्राव झाला असता, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ८८ खाली गुन्हा तिच्यावरही लागू शकला असता, कारण स्वतःचा गर्भपात करून घेणारी स्त्रीही त्या कलमात येते.

दुसरी अडचण तारखांची. नवव्या आठवड्याच्या आसपास तिचं पहिलं स्कॅनिंग झालं होतं. ती फाइल सासरच्या कपाटात, नवऱ्याच्या लायसन आणि एलआयसीच्या कागदांखाली. दुसऱ्या रुग्णालयात नवीन सोनोग्राफी केली तर मशीनने २१ आठवडे ५ दिवस दाखवले, प्रत्यक्षापेक्षा ९ दिवस जास्त. दुसऱ्या तिमाहीत डोक्याचा घेर आणि मांडीचं हाड मोजून काढलेल्या वयात इतका फरक पडतोच. नियम असा की सुरुवातीच्या स्कॅनमधली डोक्यापासून कुल्ल्यापर्यंतची लांबी मोजून ठरलेली तारीख पक्की धरायची, नंतरच्या स्कॅनवरून ती बदलायची नाही. पण पहिला रिपोर्ट हातात नसेल तर डॉक्टर कशावर विसंबणार?

पर्याय

मूल ठेवून सासरी राहणं हा एक. तिने तो पहिल्याच भेटीत नाकारला.

बाळंत होऊन मूल सासू-सासऱ्यांना देणं हा सासरचा प्रस्ताव होता, शंभर रुपयांच्या स्टँपवर आधी लिहून घ्यायचं ठरलं होतं. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यात मूल प्रत्यक्ष देणं आणि घेणं घडल्याशिवाय दत्तक होत नाही, त्यामुळे जन्माआधीचा असा कागद पोकळ. जन्मानंतर, वडील हयात नसताना, मूल दत्तक देण्याचा अधिकार आईचाच, आणि तेव्हा तिचं मन बदललं तर तिला कुणी बांधून ठेवू शकत नाही. मूल बालकल्याण समितीकडे सोपवण्याचा मार्गही आहे, त्यात फेरविचाराला दोन महिने मिळतात. हा मार्ग तिला समजावून सांगितला. पोटात आणखी साडेचार महिने वाढवून मग हातातून सोडणं आपल्याला झेपणार नाही, असं ती म्हणाली.

गर्भपात कुठे करायचा, यावरही खल झाला. गडहिंग्लज, कोल्हापूर की बेळगाव? कायदा केंद्राचा आहे, रहिवासी दाखला कुठेच लागत नाही. फरक पडतो तो प्रकरण कोर्टात गेल्यास. बेळगावात उपचार असतील तर उच्च न्यायालय म्हणजे धारवाड खंडपीठ. महाराष्ट्रात असतील तर १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच. माहेरच्यांना कोल्हापूर हवं होतं, सासरपासून दूर म्हणून. पण पहिला रिपोर्ट, ओळखीचा वकील आणि माहेरून तासाभराची वाट हे सगळं बेळगावच्या बाजूला होतं. बेळगाव ठरलं.

दुसऱ्या रुग्णालयातल्या एका ज्येष्ठ डॉक्टरांना इतक्या पुढच्या महिन्यात गर्भपात करणं मनाला पटत नव्हतं. त्यांनी ते सरळ सांगितलं, कारण लिहून न ठेवता टोलवलं नाही, आणि त्याच दुपारी सहकाऱ्याकडे पाठवलं. मत वेगळं असणं आणि वाट अडवणं यात काय अंतर असतं, ते इथे दिसलं.

नोटीस

२१ आठवड्यांना सासरच्या वकिलाची नोटीस आली, एक प्रत तिला आणि एक रुग्णालयाला. त्यात मुख्य मुद्दे दोन. गर्भातल्या मुलाला हिंदू वारसा कायद्याच्या कलम २० प्रमाणे बापाच्या मालमत्तेत हक्क आहे, त्यामुळे गर्भपात म्हणजे वारसाचा हक्क बुडवणं. आणि डॉक्टरांनी तो केल्यास न्याय संहितेच्या कलम ८८ आणि ८९ खाली फिर्याद करू. रुग्णालयाच्या व्यवस्थापनाने लगेच काम थांबवलं.

न जन्मलेल्या जिवाच्या हक्कांचा वाद एरवी टीव्हीवर चालतो, इथे तो खानापूरच्या एका घरातून टपालाने आला होता. म्हणून मुद्दा नीट सोडवणं भाग होतं.

भारतीय कायदा गर्भाला अगदीच हिशेबाबाहेर ठेवत नाही. बाईच्या संमतीशिवाय गर्भपात घडवला तर कलम ८९ खाली जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. फाशीची शिक्षा सुनावलेली स्त्री गरोदर निघाली तर तिची शिक्षा उच्च न्यायालय जन्मठेपेत बदलतं. वारसा कायद्याचं कलम २० सुद्धा खरं आहे. पण त्या कलमातली अट नोटिशीत गाळली होती: मूल नंतर जिवंत जन्मलं पाहिजे. जन्म झाला तर हक्क बापाच्या मृत्यूच्या दिवसापासून मोजायचा. जन्म झाला नाही तर हक्क उभाच राहत नाही. या कलमाने वाटणीचा हिशेब ठरतो. आईने बाळंत व्हायलाच हवं असं त्यातून निघत नाही, आणि गर्भाच्या वतीने आईला रोखण्याचा अधिकार आजी-आजोबांना देणारं कलम कुठेच नाही.

कलम ८८ आणि ८९ चं उत्तर गर्भपात कायद्याच्या कलम ३ मध्येच आहे. दंडसंहितेत, म्हणजे आताच्या न्याय संहितेत, काहीही असलं तरी, या कायद्याप्रमाणे गर्भपात करणारा डॉक्टर दोषी ठरत नाही. ८९ तर संमती नसेल तेव्हाचं, आणि इथे संमती होती.

बाईच्या बाजूने सगळं मोकळं आहे असंही नव्हे. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूल होऊ देण्या-न देण्याची निवड घटनेच्या कलम २१ मधल्या स्वातंत्र्यात धरली, आणि २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालाने २० ते २४ आठवड्यांची सवलत अविवाहित स्त्रियांनाही दिली. पण १६ ऑक्टोबर २०२३ ला त्याच न्यायालयाने २६ आठवडे उलटलेल्या, दोन मुलांच्या विवाहित आईला परवानगी नाकारली. गर्भात व्यंग नव्हतं आणि तिच्या जिवाला तातडीचा धोका नव्हता. चोवीस आठवडे ओलांडले की गर्भातलं गंभीर व्यंग, तेही वैद्यकीय मंडळाने ठरवलेलं, किंवा बाईचा जीव वाचवण्याची निकड, एवढ्याच वाटा उरतात. म्हणून कोर्टाची एक तारीख पडली असती आणि दोन-तीन आठवडे गेले असते तर तिचा प्रश्न आपोआप निकालात निघाला असता. नोटिशीची ताकद कलमांत नव्हती, कॅलेंडरात होती.

माहेरचे म्हणत होते, सासरच्यांना मालमत्तेसाठी मूल हवंय. आकडे मांडले तर उलटं निघतं. नवऱ्याच्या स्वतःच्या नावावरची मालमत्ता, म्हणजे गाडी आणि एक प्लॉट, मूल जन्मलं असतं तर सासू, विधवा आणि मूल अशी तिघांत सारखी गेली असती. सासूला एक तृतीयांश. मूल नसेल तर सासूला निम्मं. वडील पहिल्या वर्गाच्या वारसांत नाहीतच. अपघाताच्या भरपाईतही मोठा फरक पडत नव्हता, कारण अवलंबून असणारे दोन असोत की तीन, मृताच्या स्वतःच्या खर्चापोटी एक तृतीयांशच वजा होतो. थोडक्यात, नोटीस सासूच्या खिशाच्या विरोधात होती. लोभ धरून चाललेल्या वकिलाला हे दिसलं नसतं. ती नोटीस पुत्रशोकाची होती आणि उत्तर देताना भाषा त्या बेताने ठेवली गेली.

काय केलं

पहिल्या रिपोर्टसाठी सासरच्यांकडे हात पसरले नाहीत. सोनोग्राफी केंद्राला प्रत्येक गरोदर बाईची नोंद दोन वर्षं जपावी लागते. तिने स्वतः आधार कार्ड घेऊन जाऊन रिपोर्टची प्रत मागितली, अर्ध्या तासात मिळाली. त्यावरून २० आठवडे ३ दिवस ही तारीख पक्की झाली. वैधव्याच्या पुराव्यासाठी एफआयआरची प्रत पोलीस ठाण्यातून काढली.

तिच्याशी एकटीशी बोलणं दोनदा झालं, आई आणि भाऊ बाहेर, दार बंद. पहिल्यांदा ती ठाम होती. दुसऱ्यांदा, सासूची भेट नुकतीच झालेली असताना, तिने एक दिवस मागितला. घड्याळ पुढे धावत असताना डॉक्टरांनी तो दिला. तो दिवस वाया गेला असं म्हणता येणार नाही. पुढे कुणी जबरदस्तीचा आरोप केला असता तर केसपेपरवरची ती नोंदच कामी आली असती.

दरम्यान नात्यातल्या एकाने सुचवलं की आधी स्कॅनिंगमध्ये "काय आहे" ते बघून ठरवू, मुलगा असला तर सासरचे सगळं सांभाळतील. डॉक्टरांनी त्याला बाहेर काढलं. लिंग विचारणाऱ्या नातेवाइकालाही पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

नोटिशीला दोन पानी उत्तर गेलं. सोबत दिवाणी कोर्टात कॅव्हेट, म्हणजे आधी आमचं ऐका असा अर्ज, दाखल केलं, जेणेकरून एकतर्फी मनाई हुकूम होणार नाही. यात एक पेच होता. कॅव्हेटची प्रत समोरच्याला रजिस्टर पोस्टाने पाठवावी लागते, त्यामुळे आपण काय करणार ते आपणच कळवल्यासारखं होतं. म्हणून त्यात रुग्णालय, आठवडे, गर्भपात यांतलं काहीही लिहिलं नाही. फक्त नोटिशीची तारीख आणि संभाव्य दावा. कॅव्हेट ९० दिवस चालतं, इथे दहाच दिवस पुरे होते.

संमतीचा फॉर्म कन्नड आणि इंग्रजीत होता. मराठी जाणणाऱ्या नर्सने तो ओळीओळीने वाचून समजावला. सहीखाली तिने स्वतःच्या अक्षरात मराठीत दोन ओळी लिहिल्या, की वाचून दाखवलं, समजलं, कुणाच्या दबावाखाली नाही. सीमाभागात ही दोन ओळींची सवय प्रत्येक रुग्णालयाने लावून घ्यावी. परक्या लिपीतल्या कागदावरची सही कोर्टात पहिली ढासळते.

दोन्ही डॉक्टरांची मतं नोंदली गेली. २२ आठवडे १ दिवसाला मिफेप्रिस्टोन २०० मिलिग्रॅम, गर्भपाताची पहिली गोळी. इतक्या वाढलेल्या गर्भात जिवंत जन्माची चिन्हं दिसण्याची शक्यता असते, म्हणून दुसऱ्या दिवशी सोनोग्राफीखाली इंजेक्शन देऊन ठोके थांबल्याची खात्री केली. दोन औषधांमध्ये एक ते दोन दिवस थांबायचंच असतं, त्यामुळे वेगळा वेळ गेला नाही. ४८ तासांनी दुसरं औषध, कळा आणणारं मिसोप्रोस्टॉल ४०० मायक्रोग्रॅम, दर तीन तासांनी. चौथ्या डोसनंतर गर्भ बाहेर पडला. वारेचा तुकडा आत राहिला, तो भूल देऊन काढावा लागला. रक्तगट बी निगेटिव्ह होता, म्हणून पुढच्या गरोदरपणात धोका नको यासाठी ७२ तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन, ३०० मायक्रोग्रॅम, दिलं.

निकाल

तिसऱ्या दिवशी तिला घरी सोडलं. नोटीस पुढे सरकली नाही, दावा झाला नाही. अपघात भरपाईचा अर्ज सून आणि सासू दोघींच्या नावाने एकत्र गेला. असा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करायचा असतो, आणि दोन घरांनी वेगवेगळे अर्ज केले असते तर तारखाच वाढल्या असत्या. ही बोलणी दोन्हीकडच्या ओळखीच्या एका निवृत्त मास्तरांनी घडवली. सासू सुनेशी अजून बोलत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

१९ आठवडे १ दिवसाला नकार लेखी मागायला हवा होता. "सासरची सही नाही म्हणून नाकारलं" असं कुठलंही रुग्णालय कागदावर लिहून देत नाही. लिहायची वेळ आली की बहुतेक वेळा नकारच मागे घेतला जातो. तेवढं झालं असतं तर दुसऱ्या डॉक्टरचं मत, नोटीस, इंजेक्शन यांतलं काहीच लागलं नसतं.

घरी गेल्यावर तिला पान्हा फुटला. छाती दगडासारखी, ताप, आणि रात्री अकराला माहेरच्यांची धावपळ. सोळा-अठरा आठवड्यांनंतरच्या गर्भपातात दूध येऊ शकतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. दूध थांबवणारी कॅबरगोलिनची गोळी घरी सोडताना देता आली असती. डिस्चार्ज कार्डावर रक्तस्राव, ताप, दुर्गंधी असं सगळं लिहिलं होतं, दुधाचा उल्लेख नव्हता. शरीराला गर्भ गेल्याचं कळत नाही, आणि नवरा दीड-पावणेदोन महिन्यांपूर्वी गेलेल्या बाईला ते एकटीने सोसावं लागलं.

सासूने भ्रूण पुरण्यासाठी मागितला होता. रुग्णालयाने जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांवर बोट ठेवून नाही म्हटलं, तेही काउंटरवरून. नियम बरोबर, पण गोपनीयतेप्रमाणे तिला तिथे कुणी उत्तरच द्यायला नको होतं. सून दाखल आहे हे त्या उत्तरातूनच पक्कं झालं.

आणि गर्भपाताची नोंद गुप्त ठेवण्याची सगळी काळजी घेऊनही बातमी सासरी पोचली ती गावच्या आरोग्य केंद्रातून. तायी कार्ड, म्हणजे कर्नाटकातलं गरोदर बाईच्या नोंदीचं कार्ड, काढताना घरच्या कर्त्याचा म्हणून सासऱ्यांचा मोबाइल नंबर दिला होता. पाचव्या महिन्याची तपासणी चुकली तशी आशाताईंनी सवयीने त्याच नंबरवर फोन केला, सूनबाई का आली नाही म्हणून. माहेरी आल्याच्या दिवशीच केंद्रात जाऊन तो नंबर स्वतःचा करून घ्यायला हवा होता. त्यासाठी कुणाची सही लागत नाही.